पाऊस चुकला तर कुणाचं बुडतं?

जुलै १९००

अंगात विटलेली बंडी आहे, पोटात कालचा उकडलेला पाला आहे आणि पायाखालची जमीन ओली आहे. तुम्ही चकलांब्यात आहात. मुलूख निजामाचा, जिल्हा बीड, तालुका गेवराई. संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला गावची म्हातारी माणसं पुढं पन्नास वर्षं छप्पनचा काळ म्हणतील, तुमच्या दावणीचे दोन्ही बैल आणि अंथरुणावरची आई घेऊन गेला. काल रात्री मात्र पाऊस पडला. एक-दोन दिवसांत वाफसा येईल, आणि तो आला की पेरायचं. पेरायचं काय? बियाण्याचं मडकं माघातच रितं झालं. पोरं त्यातले दाणे चावत होती आणि तुम्ही त्यांना अडवलं नव्हतं.

बी आहे ते सावकाराच्या पेवात.

तुम्ही ओसरीखाली उभे राहता. सावकार ओरडत नाहीत, मिशीवर ताव देत नाहीत. आईची चौकशी करतात, "सुटली बिचारी" म्हणतात आणि मग सांगतात, "बी दिडीनं मिळंल. सवाई औंदा परवडत न्हाई."

सव्वाशे वर्षांनंतरचा वाचक म्हणून तुम्हाला लगेच टक्केवारी सुचते. आज एक पायली, सुगीला दीड. बाजरी चार महिन्यांत हाती येते, म्हणजे वर्षाच्या हिशेबानं शेकडा दीडशे. पण ज्या माणसाच्या अंगात तुम्ही शिरला आहात त्याला हा हिशेब कळत नाही असं समजू नका, त्याला तो तोंडपाठ आहे. त्याच्यापाशी फक्त वेळ नाही. दुसऱ्या गावी दुसऱ्या सावकाराचं दार गाठावं तर दोन दिवस मोडतील आणि पेरणीची घात निघून जाईल. नको म्हणायलासुद्धा घरात चार दिवसांचे दाणे लागतात.

सावकाराचंही ऐकून घ्या. "गेल्या साली मपली किती कुळं परागंदा झाली. कोण मेलं, कोण देशोधडीला लागलं. त्यांचं मी कुणाकडून वसूल करू?" त्याची जोखीम खोटी नाही. पेव त्यानं राखलं म्हणून गावात बी उरलं, हेही खरं. पण बुडालेल्या कुळांचं तो जगलेल्या कुळांकडून भरून घेतो आहे, आणि यंदाही पाऊस चुकला तर तुमचं बी जमिनीत जळेल, त्याची दीड पायली वहीत शाबूत राहील. पुढच्या सुगीला तीच सव्वादोन होईल.

तुमचा साडू पश्चिमेला शेवगाव तालुक्यात राहतो. तो नगर जिल्हा, इंग्रजांचा मुलूख. वाटेत एका बांधापाशी राज्य बदलतं आणि त्याबरोबर कायदाही. साडू तुम्हाला सुप्याची गोष्ट सांगतो. १२ मे १८७५ ला, बाजारच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कर्जरोखे जाळण्यावर त्यांचा भर होता. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आणला. तेव्हापासून न्यायाधीश रोख्यावरचा आकडा डोळे झाकून मान्य करत नाही, व्यवहार पहिल्या नोंदीपासून उकलून पाहतो. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. निजामाच्या मुलखात असं काही यायला अजून चाळीसएक वर्षं आहेत.

तुम्हाला साडूचा हेवा वाटतो. तो मान हलवतो. "आता सावकार रोखा घेतच न्हाई, सरळ खरेदीखत लिहून घेतो. पैसं फेडलं की जमीन परत, असं तोंडी बोलायचं. तोंडाला का स्टॅम्प असतो?"

जमीन गहाण असती तर न्यायाधीशाला व्याज दिसलं असतं. विक्रीत व्याजाचा रकानाच नसतो. पुढच्या दशकात सरकारला त्याच कायद्यात नवं कलम घालावं लागेल, की कागद विक्रीचा असला तरी आत गहाणाचा व्यवहार दडलेला आहे का, हे कोर्टानं तपासावं. कायद्यानं दर पकडला तेव्हा दरानं कपडे बदलले. हे तो पुढंही करत राहील.

चैत्र १९४०

पाडवा आहे. आता तुम्ही ओसरीच्या वर, गादीच्या डाव्या अंगाला बसला आहात. पुढ्यात उतरतं मेज, त्यावर बोरू आणि दौत. तुम्ही शेटजींचे गुमास्ते. वही मोडीत लिहिता, कचेरीतले कागद उर्दूत चालतात, आणि समोर उकिडव्या बसलेल्या माणसाला दोन्ही वाचता येत नाही. पेटीतल्या रुपयांवर चारमिनार आहे.

याच फसली सालात, १३४९ मध्ये, हैदराबाद संस्थानानं सावकारीचा कायदा केला आहे. सावकाराला परवाना हवा, हिशेब रीतसर ठेवायला हवा. शेटजी काळजीत नाहीत. हिशेब रीतसर ठेवायला तुम्ही आहात.

पन्नास लिहायचे आणि हातावर पंचेचाळीस ठेवायचे. पाच मनोतीचे, म्हणजे कर्ज दिल्याबद्दलचे. व्याजाचा रकाना कायद्यात चोख बसतो. सुगीचा माल शेटजींच्याच दुकानी घालायचा ही अट तोंडी. भाव ते सांगतील तो. मापही त्यांचंच. या तिन्ही ठिकाणी कूळ थोडं थोडं झिजतं, पण वहीत झिजेला जागा नाही. तपासनीस आला तर वही उघडून दाखवा, त्यात चूक सापडायची नाही.

मग एक गडी येतो. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, त्याच दिवसाची तो वाट पाहत होता. पोरीचं लग्न काढलं आहे. जमीन नाही, बैल नाही. गहाण ठेवायला स्वतःखेरीज काही नाही. वर्षाची ज्वारी इतकी, धोतरजोडी, घोंगडी, पायताण. वरून लग्नासाठी रोख रक्कम, ती सालातून वळती करायची. नाहीच फिटली तर पुढचं साल इथंच. तुम्ही व्याजाच्या जागी शून्य लिहिता. ते खोटं नाही, शेटजी त्याच्याकडून पैसाही व्याज घेणार नाहीत. फक्त मोकळ्या गड्याला जी ज्वारी मिळते त्यापेक्षा याची काही पायल्यांनी कमी धरली आहे, आणि आजारपणाचे दिवस मोजून ठेवायला तुम्हाला सांगितलं आहे.

संस्थानाला हेही ठाऊक आहे. कर्जापायी राबणाऱ्या 'भगेल्यां'च्या करारांवर १९३६ मध्येच नियम झाला. तो नियम गावात यायचा तर कुणीतरी वाचून दाखवायला हवा, आणि गावात वाचता येणारे तुम्ही.

तुम्ही दुष्ट आहात का? तुम्हालाही पोरं आहेत. बोरू खाली ठेवलात तर उद्या दुसरा कुणी उचलेल. शेटजींना एका माणसाची गरज दिसते, तुम्हाला एक नोंद. दोघांच्या मध्ये कुठंतरी तो गडी वर्षासाठी विकला गेला, आणि ते नेमकं कुणी केलं हे सांगणं अवघड आहे.

आठ वर्षांनी पोलीस कारवाई होऊन संस्थान संपेल. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँक देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करील. गोरवाला समितीच्या त्या अहवालात शेतकऱ्याच्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के निघेल, सरकारचा ३.३ टक्के आणि शेतकरी-सावकार व धंदेवाईक सावकार मिळून जवळपास ७० टक्के. राज्य बदललं, ओसरी तीच राहिली.

दसरा १९७६

डोक्याला पटका, खिशात नोटांचं पुडकं. तुम्ही ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम झाला आहात. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडली, सुकडी खाल्ली, मग नगर जिल्ह्याच्या कारखान्यांकडं ऊस तोडायला गेलात. विखे पाटलांच्या प्रवरानगरला १९५० पासून साखर निघते आहे. त्यामागून एकेक कारखाना उभा राहिला आणि प्रत्येकाला हंगामात हजारो हात हवेत. ते हात पावसाळ्यानंतर रिकामे कुठं सापडतात, हे कारखान्यांना पक्कं माहीत आहे.

गावातली हवा यंदा वेगळी आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला. त्याचा पुढं कायदा झाला. अल्पभूधारक, कारागीर, शेतमजूर यांच्यावरचं सावकारी कर्ज संपलं. गहाण पडलेली भांडी आणि चांदीचे वाळे परत करायचा हुकूम निघाला. सावकार या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जातील, आणि १९७७ च्या जानेवारीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर कायद्याच्या बाजूनं निकाल देतील. परत आलेली पितळी परात उन्हात धरून पाहणाऱ्या बाईचा आनंद खरा होता, त्याला नाव ठेवायला जागा नाही.

पण पुढच्या आषाढात तिच्या पोराला ताप आला. जुना सावकार म्हणाला, "कायदा झालाय बाई, आता मी कसा देऊ?" सोसायटीनं सातबारा मागितला, तो तिच्याकडं नव्हता. कर्ज माफ झालं होतं, कर्जाची गरज कुणी माफ केली नव्हती. त्या रिकाम्या जागेत तुम्ही शिरलात.

कारखान्यानं तुम्हाला रक्कम दिली आणि तुमच्या जमिनीच्या तुकड्यावर नजर ठेवून सही घेतली. बारा कोयते आणायचे. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी: एकानं तोडायचं, दुसरीनं मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या. दोघांचा मिळून एक आकडा. आता उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कुणाला द्यायची? गावात तुम्हाला वीस जोड्या माहीत आहेत. चार जण चांगले तोडणारे आहेत, पण घरात बाजरी असलेले. ते भाव करतील, मध्येच परततील. तुम्ही ज्याचं पोर आजारी आहे त्याच्या दारात जाता. तो नोटा मोजतसुद्धा नाही.

हीच या धंद्यातली मेख आहे. गरज जितकी मोठी तितकं गिऱ्हाईक चांगलं. आणि तुम्ही तरी काय करणार? हंगाम अर्ध्यावर टाकून जोडी पळाली तर कारखाना तुम्हाला धरणार, तुमची जमीन जाणार. कारखान्यानं आपली जोखीम तुमच्या अंगावर टाकली, तुम्ही ती जोडीच्या अंगावर टाकता. जोडीच्या खाली टाकायला कुणी नाही, मागं राहिलेली म्हातारी आणि लेकरं सोडली तर.

पेशगी देऊन मजुराला कामाला बांधून ठेवणं याच १९७६ सालच्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. तुमच्या टोळीत मात्र कुणीही बांधलेलं दिसत नाही. लोक आपल्या पायांनी गाडीत चढतात, चूल आणि कोंबडीही बरोबर घेतात.

सप्टेंबर २०२४

डोक्यावर पदर, हातात छोटी वही. तुम्ही एकतीस वर्षांच्या बाई आहात आणि सकाळी शेजारणीच्या अंगणात गटाच्या बैठकीला बसला आहात. फायनान्सचे सर मोटारसायकलवरून आले आहेत. वय पंचविशीचं, कुठल्यातरी अशाच गावचं पोरगं. ते तुम्हाला ताई म्हणतात, त्यांच्या वरचे साहेब त्यांना टार्गेट विचारतात.

तुमचं कर्ज ४०,००० चं, दोन वर्षांचं, दर साल २४ टक्क्यांचा. महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये. शेवटी मिळून जवळपास १०,७५० व्याज जाईल. महाग आहे? गावातला विनापरवाना सावकार शेकडा पाच सांगतो, म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच रुपये. त्याच्याकडून तेवढेच पैसे तेवढ्याच मुदतीला घेतले असते तर सरळव्याजानं ४८,००० व्याज झालं असतं, मुद्दल वेगळंच. म्हणून फायनान्सला सरसकट लुटारू म्हणणारी माणसं गावात कमी आणि शहरात जास्त भेटतात. दारात येऊन, तारण न मागता, बाईच्या नावानं कर्ज देणारी दुसरी संस्था इथं नव्हती. जिल्हा सहकारी बँकेची तर स्वतःचीच घडी विस्कटली होती.

नियमही आहेत. २०११ मध्ये मालेगाम समितीनंतर रिझर्व्ह बँकेनं अशा सूक्ष्म वित्त कर्जांच्या व्याजावर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. २०२२ पासून दराची मर्यादा उठली. त्याऐवजी वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज द्यावं, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला छळू नये, असे नियम आले. सर हे नियम पाळतात. सहानंतर ते कधीच येत नाहीत.

आज एक जण बैठकीला आलेली नाही. सर मोबाइलकडं बघत म्हणतात, "सगळ्यांचा मिळून हप्ता पूर्ण झाल्याशिवाय मला निघता येणार नाही, ताई. पुढचं लोन पण अडकेल." तुम्ही सगळ्या आपापल्या कनवटीचे पैसे काढून तिचा हप्ता भरता. रात्री आठला तिच्या दारात तुम्हीच उभ्या राहता. तुमची जाऊ लागते ती. आत तिचं लेकरू जेवत असतं. जे बोलायला सरांना नियमानं बंदी आहे ते तुम्ही बोलता. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक शेजारणीला लागू होत नाही.

घरी आल्यावर मुकादमाचा फोन. कोयत्याला एक लाख उचल. आवाज गोड. "व्याज एक रुपया न्हाई, वहिनी. फक्त दिवाळीआधी गाडीत बसायचं."

तुम्ही वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडता. याच वर्षी जानेवारीत पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्यासह लवाद बसून तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. तुम्ही दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडता. म्हणजे ७३२ रुपये. एक लाख फिटायला १३७ दिवस. कारखाना चार-पाच महिने चालतो. त्यात एकही दिवस आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी आली नाही म्हणून बसणं नाही असं धरलं तरच हे जुळतं, आणि आठवड्याची खर्ची यातून वेगळी उचलायचीच आहे. वाढं विकून मीठ-मिरची भागेल. एखाद्या दिवशी काम चुकलं तर खाडा, त्याचे पाचशे किंवा जास्त अंगावर. बाळंतपण, पाळी, कंबरदुखी, सगळं खाड्यात मोजलं जातं. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक होती, पण दिवस बुडू नये हा हिशेब त्यात होताच, आणि ऑपरेशनचे पैसेही पुष्कळींनी कर्जानंच उभे केले होते. ते कर्ज फेडायला पुन्हा उचल.

मुकादम खोटं बोलला नाही. व्याज शून्यच आहे. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी सालगड्याच्या नावापुढं लिहिलं होतं, तसंच. यंत्रानं तोडलेल्या उसाला टनामागं यापेक्षा जास्त पैसे मिळतात, हे ऊसतोड संघटना कधीपासून सांगताहेत. हाताच्या आणि यंत्राच्या दरातलं हे अंतर उचलीच्या कागदावर कुठंच दिसत नाही. यंत्राला सप्टेंबरात लेकराच्या शाळेची फी भरायची नसते, एवढा फरक मात्र दोघांत नक्की आहे.

तुम्ही कुठं दाद मागणार? महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा कडक आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याकडून तारणी कर्जाला ९ टक्के, विनातारणी कर्जाला १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के घ्यावेत असे दर ठरले. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, म्हणजे जुना दामदुपटीचा नियमच. विनापरवाना सावकाराला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सावकारीत गेलेल्या जमिनीचं खरेदीखत पंधरा वर्षं मागं जाऊन रद्द करायचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. शेवगावच्या साडूची तक्रार अखेर इतकी दूर पोचली. ब्रिटनच्या वित्तीय नियामकानं जानेवारी २०१५ मध्ये पगारापुरत्या मुदतीच्या महागड्या कर्जांवर असाच निर्बंध घातला: व्याज आणि शुल्क मिळून कर्जाच्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. दामदुपटीनं विलायतेत जाऊन नवं नाव घेतलं.

पण तुमच्यासमोरच्या तीन प्रकारच्या कर्जांपैकी महाराष्ट्राचा हा कायदा एकालाच लागतो. फायनान्स कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, आणि अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये केरळच्या खटल्यात स्पष्ट केलं. उचल तर कर्ज मानलीच जात नाही, ती मजुरीची आगाऊ रक्कम. उरला सावकार. त्याच्याविरुद्ध चकलांब्याच्या पोलीस ठाण्यात जाता येईल, गावातच आहे. पण पुढच्या आषाढात लेकराला ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, हे आधी ठरवून जावं लागेल.

तुम्ही मुकादमाला हो म्हणता. उचलीतून चार हप्ते फायनान्सला आधीच भरून ठेवता, म्हणजे फडात असताना शेजारणींना तुमच्या दारात यावं लागणार नाही.

आज

आता तुम्ही तुम्ही आहात. पुण्यात, ठाण्यात, संभाजीनगरात कुठंही. हातात बँकेतल्या मुदत ठेवीची पावती आहे, दर सात टक्क्यांच्या आसपास. इतका वेळ दुसऱ्यांच्या अंगात शिरत होतात, हे अंग मात्र तुमचं स्वतःचं आणि गोष्टीतलं शेवटचं पात्रही हेच आहे.

बँकांना आपल्या कर्जातला ४० टक्के वाटा अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यावा लागतो. प्रत्येक गावात शाखा काढण्यापेक्षा सूक्ष्म वित्त संस्थांना घाऊक कर्ज देणं बँकेला सोपं जातं, आणि तेही या कोट्यात धरलं जातं. तुमचे सातानं ठेवलेले पैसे असे फिरत फिरत त्या अंगणात चोविसानं पोचतात. मधले सतरा कुणी एकट्यानं खाल्लेले नाहीत. त्यात बँकेचा वाटा आहे, सरांचा पगार आणि पेट्रोल आहे, बुडणाऱ्या कर्जाची तरतूद आहे आणि भागधारकांचा नफा आहे. चाळीस लाखांच्या एका गृहकर्जाला जेवढे कागद आणि हेलपाटे लागतात त्यापेक्षा चाळीस हजारांच्या शंभर कर्जांना कितीतरी जास्त लागतात. छोटं कर्ज महाग पडतंच.

म्हणून उपाय बंदीचा नाही. आंध्र प्रदेशानं ऑक्टोबर २०१० मध्ये आत्महत्यांच्या बातम्यांनंतर वटहुकूम काढून या संस्थांना वेसण घातली. वसुली थांबली, आणि त्याबरोबर नवं कर्जही आटलं. शहात्तर सालच्या आषाढाशी त्याचं नातं आहे. दराची मर्यादाही टाकाऊ नाही: साठाऐवजी चोवीस म्हणजे एका घरातलं वर्षभराचं तेल-मीठ आहे. पण १८७९ पासून कायदा दराच्या मागं धावतो आहे आणि किंमत दर वेळी शेजारच्या रकान्यात उडी मारते: खरेदीखतात, मनोतीत, मापात, मजुरीत, खाड्यात, शेजारणीच्या तोंडात. म्हणून कुठल्याही गरिबाला दिलेल्या कर्जाला दोन प्रश्न दराच्या आधी विचारायला हवेत. घेणाऱ्याला त्या दिवशी नको म्हणता आलं असतं का? आणि पाऊस चुकला तर कुणाचं बुडतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटून घेता येतं, हे आपल्याला माहीत आहे. दुष्काळ जाहीर झाला की पीककर्जाची वसुली थांबवतात, त्याचं पुनर्गठन करतात, हप्ते पुढं जातात. म्हणजे पावसाचा थोडा तोटा बँक सोसते. फक्त त्यासाठी सातबारा लागतो. ज्या बाईकडं तो नाही तिचा गटाचा हप्ता त्याच तालुक्यात, त्याच दुष्काळात, ठरल्या तारखेला देय असतो. तिच्या नवऱ्याची उचल पुढच्या हंगामावर जाते.

तिच्यासाठी काय करायचं तेही अवघड नाही. दुष्काळी तालुक्यात गटाचे हप्ते व्याजावर व्याज न चढवता पुढं ढकलावेत. एकीचा हप्ता दुसरीकडून घेणं बंद व्हावं. उचलीची लेखी पावती असावी, तिच्यात दर, दिवस, खाडा सगळं लिहिलेलं असावं, आणि हंगाम संपला की बाकी संपावी. कारखान्यांकडून टनामागं घेतलेल्या पैशातून चालणारं ऊसतोड महामंडळ आहेच, हे त्याचं काम होऊ शकतं. आणि भाद्रपदात, फी आणि सणांच्या दिवसांत, रोजगार हमीचं काम गावातच निघालं तर मुकादमाचा फोन आल्यावर तिला दर विचारता येईल. ज्या राज्यानं १९७९ मध्येच रोजगार हमीचा कायदा लागू केला त्याला हे सुचवावं लागू नये.

यातलं काहीही फुकट होणार नाही. हप्ते थांबले की संस्थेचा तोटा होणार, तो बँकेपर्यंत जाणार, बँक तुमच्या ठेवीचा दर थोडा उतरवणार. साखर किलोमागं थोडी महाग पडेल. एका पावसाळ्याचा तोटा आज एका जोडीच्या पाठीवर आहे, तो लाखो ठेवीदार आणि साखर खाणाऱ्यांत वाटला तर वाट्याला पैसे-दोन पैसे येतील. ते द्यायची तुमची तयारी आहे का, एवढाच प्रश्न आता उरला आहे, आणि तो तुम्हाला कुणी घाईत, ओसरीखाली उभं करून विचारत नाही. होकार द्यायचा नसेल तर निदान सावकाराला नावं ठेवू नका. त्याच्या आणि तुमच्या वहीत पावसाचा रकाना सारखाच कोरा आहे.